किटमधली बंदूक नक्की कोणी बनवली?

पीएचडीच्या वायव्हात एक प्रश्न हमखास येतो: "यातलं तुम्ही स्वतः काय केलंत?" प्रश्न साधा वाटतो, पण भल्याभल्यांची बोबडी वळते. सॅम्पल दुसऱ्या लॅबमधून आलेलं, डीएनए काढायचं किट कंपनीचं, सिक्वेन्सिंग बाहेरून करून आणलेलं, विश्लेषणाचं सॉफ्टवेअर तयार मिळालेलं. मग तुमचं त्यात काय? संशोधनाच्या तयारीला लागलेल्या प्रत्येकाने या प्रश्नाचा विचार प्रवेश घेण्याआधीच केलेला बरा.

यासाठी आज एका माहितीपटाबद्दल लिहितोय. विषय आपल्या लॅबपासून फारच लांबचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा, तुटलेला धागा जुळेल. माहितीपटाचं नाव 'द गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग'. साल १९६९. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात 'कलोनियल विल्यम्सबर्ग' म्हणून अठराव्या शतकातलं एक गाव जसंच्या तसं उभं करून जपलंय. तिथल्या बंदूक-कारखान्याचे प्रमुख वॉलेस गसलर एक रायफल अगदी पहिल्यापासून, म्हणजे कच्च्या लोखंडापासून आणि लाकडाच्या फळीपासून बनवतात आणि कॅमेरा ते पाहत राहतो. निवेदन डेव्हिड ब्रिंकली या तेव्हाच्या नामवंत वृत्तनिवेदकाचं आहे. तासाभराचा ऐवज.

आधी थोडं यंत्राबद्दल

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरतात ती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा इतर कुठे जुनी शस्त्रं पाहिली असतील, तर तोड्याच्या बंदुका तुमच्या ओळखीच्या असतील. त्याही ठासणीच्याच, फक्त त्यांना पेटत्या तोड्याने बत्ती द्यायची. माहितीपटातली रायफल चकमकीची आहे. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. चाप ओढला की गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या छोट्या वाटीतल्या रंजकावर पडतात आणि ती ज्वाळा नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आतल्या दारूपर्यंत जाते. घोडा, स्प्रिंग, वाटी हे सगळं ज्या पट्टीवर बसवलेलं असतं त्याला 'लॉक' म्हणतात. तेव्हा बंदुकीचे मुख्य भाग तीन: लॉक, दस्ता आणि नळी.

रायफल म्हणायचं कारण नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात. कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोळी त्या खाचांमुळे स्वतःभोवती फिरत बाहेर पडते, आणि फिरती गोळी सरळ जाते.

एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्याने ठासणीच्या बहुतेक बंदुका नेहमीच्या बंदुकांच्या व्याख्येतून वगळल्या, आणि म्हणून तिथे असल्या बंदुकांची किट उघडपणे विकली जातात. त्यामुळे हा लेख बनवण्यासाठी नाही. बनवणं म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आहे.

माहितीपट कुठे जिंकतो

गसलर घडीव लोखंडाची लांब पट्टी तापवतात, सळईभोवती वळवतात आणि ठोकून ठोकून तिची नळी करतात. एका तावात काही इंचच जोडले जातात. पुन्हा भट्टी, पुन्हा ऐरण. मग आतून भोक साफ करणं. मग खाचा पाडणं, आणि माझ्या मते हा पूर्ण माहितीपटातला सर्वात बघण्यासारखा भाग आहे. त्यासाठी एक लाकडी दंडगोल असतो, त्यावर मळसूत्री चर कोरलेले. तो चरांतून सरकताना स्वतःभोवती फिरतो आणि त्याला जोडलेलं बारीक पातं नळीच्या आत तोच पीळ कापत जातं. पातं एका वेळी अगदी थोडं खरवडतं. कापणं थांबलं की पात्याखाली कागदाची बारीकशी पट्टी सारायची, पातं तेवढंच वर येतं, पुन्हा खेचायचं.

विचार करा. मायक्रोमीटर नाही, डिजिटल काही नाही. कागदाची जाडी हेच मोजमाप. अचूकता महागड्या उपकरणातून येते अशी आपली ठाम समजूत असते. इथे ती एका साध्या युक्तीतून आणि न कंटाळता शेकडो फेऱ्या मारण्यातून येते. इन्स्ट्रुमेंट बिघडलं म्हणून महिनाभर बसून राहणाऱ्या प्रत्येक रिसर्च स्कॉलरने ही दहा मिनिटं जरूर पाहावीत.

दुसरी जमेची बाजू म्हणजे क्रम. नळी, लॉक, पितळेचं ओतकाम, दस्ता, कोरीवकाम: माहितीपट घाई करत नाही. हातांचे क्लोज-अप भरपूर आहेत. कानस कशी धरली आहे, पटाशी कोणत्या बाजूने लागते, हे दिसतं. छापील मेथड्स सेक्शनमध्ये जे कधीच नसतं, नेमकं तेच इथे आहे.

आणि कुठे फसवतो

पण माझी तक्रारही इथूनच सुरू होते. पडद्यावर जवळजवळ सगळंच जमत जातं. एका पायरीतून पुढची पायरी अलगद उगवते. नळीचा सांधा नीट न जुळण्याची, स्प्रिंग कडक करताना तडकण्याची, लाकडाचा टवका उडण्याची शक्यता प्रत्येक टप्प्यावर असते. ती धास्ती आपल्यापर्यंत पोचत नाही. छापून आलेल्या पेपरसारखंच हे आहे. पेपरमध्ये सुद्धा आकृती १ नंतर आकृती २ येते, मधले सहा महिने येत नाहीत.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. माहितीपट पाहून असं वाटतं की अठराव्या शतकातला अमेरिकन कारागीर हा असाच होता: लोहार, ओतारी, सुतार, नक्षीकाम करणारा, सगळं एकच माणूस, आणि बंदुकीचा प्रत्येक स्क्रू त्याच्या हातचा. गसलर हे सगळं करू शकत होते यात शंकाच नाही. आधुनिक काळात जुन्या हत्यारांनी पूर्ण रायफल घडवणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. पुढे ते तिथेच जुन्या फर्निचरचे अभ्यासक झाले आणि १९७९ मध्ये व्हर्जिनियाच्या फर्निचरवर त्यांचं पुस्तकही आलं. प्रश्न त्यांच्या कौशल्याचा नाही. प्रश्न हा, की एका माणसाने सगळं करून दाखवलं म्हणजे त्या काळी सगळे तसंच करत होते का?

नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या आणि आसपासच्या कितीतरी जुन्या रायफलींवरची लॉकं विलायतेतून आयात केलेली आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला तर बर्मिंगहॅमच्या केटलंड घराण्याचं नाव कोरलेली लॉकं अमेरिकेत सर्रास सापडतात. नळ्या बनवणारे वेगळे कारागीरही होते. म्हणजे ज्याची सही त्या रायफलीवर आहे, त्याने बऱ्याचदा लॉक विकत घेतलं, कधी नळीही विकत घेतली, आणि त्यातून आपली रायफल उभी केली.

थोडक्यात, तो बराचसा किटवालाच होता.

हे एकदा लक्षात आलं की "किट म्हणजे खोटं, शून्यापासून म्हणजे खरं" ही विभागणी कोसळते. आणि माहितीपटाचं आकर्षण नेमकं याच विभागणीवर उभं आहे.

मग किटवाल्याकडे उरतं काय?

अमेरिकेतल्या किटमध्ये साधारण असं येतं: खाचा पाडलेली नळी, जोडून तयार लॉक, बराचसा आकार दिलेला दस्ता, आणि पितळेचे किंवा लोखंडाचे ओबडधोबड ओतीव भाग. लांबून वाटतं, चार स्क्रू पिळले की झालं. तसं नाही.

पहिलं काम जुळवणीचं. नळी दस्त्याच्या खोबणीत पूर्ण टेकली पाहिजे. नळीवर काजळी किंवा रंग लावायचा, खोबणीत दाबायची, उचलायची. लाकडावर जिथे डाग पडला तिथेच पटाशीने एक पापुद्रा काढायचा. पुन्हा दाबायची. डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हेच. मग लॉक नळीच्या संदर्भात बसवायचं, कारण नळीचा कान रंजकाच्या वाटीसमोर नेमका आला पाहिजे. शिवाय नळीचं मागचं तोंड ज्या बुचाने बंद केलेलं असतं, त्या बुचाच्या पुढेच कान उघडला पाहिजे. साधारण दीड मिलिमीटरचं ते भोक. चुकलं तर बाकी कितीही सुबक असो, वाटीत भडका उडेल आणि बंदूक उडणार नाही. लॉक बसल्यावर त्याच्या हिशोबाने चाप. चाप बसल्यावर खांद्यापासूनच्या अंतराच्या हिशोबाने दस्त्याची मागची पट्टी.

नळी ठरवते लॉक, लॉक ठरवतं चाप, चाप ठरवतो दस्ता. हा क्रम उलटा करता येत नाही. संशोधनातही हेच असतं आणि आपण नेमकं इथे उलटं करतो. आधी सुंदर आलेख, मग त्याला साजेसं विश्लेषण, मग शेवटी "अरे, कंट्रोल घ्यायला हवा होता".

दुसरं काम फिनिशिंगचं, आणि यात विज्ञान ठासून भरलंय. दस्त्याचं लाकूड बहुधा मेपल. कानस आणि पॉलिश पेपरने ते गुळगुळीत केल्यावर मुद्दाम ओलं करतात. ओलाव्याने दबलेले तंतू फुगून उभे राहतात, हाताला खरखरीत लागतात. वाळल्यावर ते कापून टाकायचे, पुन्हा ओलं करायचं. दोन-तीनदा. म्हणजे उद्या पावसात जे होणार आहे ते आजच टेबलावर घडवून आणायचं आणि संपवायचं. मला ही पायरी फार आवडते. आपल्या निष्कर्षावर बाहेरचा परीक्षक पाणी ओतणारच आहे. त्याआधी आपणच ओतून बघावं.

मग रंग. जुन्या पद्धतीत 'ॲक्वा फॉर्टिस' म्हणजे नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेलं द्रावण लाकडाला लावतात. सुरुवातीला लाकूड हिरवट-करडं, भेसूर दिसतं. मग उष्णता दिली की आयर्न नायट्रेटचं विघटन होतं, नायट्रोजनचे तांबूस विषारी वायू निघतात आणि लोहाची ऑक्साइडं तंतूंमध्येच तयार होऊन लाकडाला उबदार तपकिरी रंग येतो. मेपलच्या ज्या जातिवंत फळ्यांमध्ये तंतू नागमोडी असतात, तिथे काही ठिकाणी तंतूंची टोकं पृष्ठभागावर येतात. ती टोकं द्रावण जास्त शोषतात आणि जास्त गडद होतात. वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे त्यातून उमटतात. ते वरून रंगवलेले नसतात, लाकडाच्या आतल्या रचनेचा तो नकाशा असतो. मायक्रोस्कोपखाली स्टेनिंग करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: रंग रचना निर्माण करत नाही, असलेली दाखवतो. शेवटी जवसाचं तेल, अगदी पातळ हातांनी, दिवसांच्या अंतराने. नळीला मुद्दाम दमट हवेत बारीक गंज आणतात, घासतात, पुन्हा आणतात. हवा तो तपकिरी थर आला की गंजणं रासायनिक रीतीने थांबवून तेल लावतात.

म्हणजे उरतं भरपूर. जे उरतं त्याला निर्णय म्हणतात.

किटचीही एक तक्रार

हे वाचून किटची वकिली करतोय असं वाटेल, म्हणून दुसरी बाजू. किटसोबत फक्त भाग येत नाहीत, कोणाचे तरी आधीच घेतलेले निर्णय येतात. याचं नामांकित उदाहरण म्हणजे थॉम्पसन/सेंटर कंपनीची 'हॉकन' रायफल, १९७० मध्ये बाजारात आलेली. ती किट म्हणूनही विकली गेली आणि तिने असंख्य लोकांना या छंदात आणलं, हे तिचं श्रेय. पण सेंट लुइसच्या हॉकन बंधूंच्या मूळ रायफलींवर लोखंडी साज असायचा. हिच्यावर चकचकीत पितळ. मूळ लॉकमध्ये चपट्या पट्टीची स्प्रिंग. हिच्यात आधुनिक गुंडाळीची. आता समजा, एखाद्याने या किटवर वर्षभर मेहनत घेतली, दस्ता आरशासारखा केला, प्रत्येक खोबण केसाइतकी नेमकी कोरली. बंदूक देखणी होईल, उत्तम चालेलही. पण "मी एकोणिसाव्या शतकातली हॉकन बनवली" हे विधान खोटंच राहील, आणि ते त्याच्या हातांमुळे नाही. खोट किटमध्ये होती. त्याने डबा उघडण्याआधीच.

आपल्या सॉफ्टवेअरमधली डिफॉल्ट सेटिंग्ज हेच करतात. बटण दाबलं, आकडा आला, पी-व्हॅल्यू छान. पण त्या आकड्यामागे कोणता फिल्टर होता, कोणतं गृहीतक होतं, कोणते बिंदू परस्पर वगळले गेले? आपण फिनिशिंग अप्रतिम करतो आणि मूळ निर्णय कोणी घेतला ते विचारतच नाही.

हल्ली संगणकाने कापलेल्या दस्त्यांची किट येतात. त्यात खोबणी इतक्या नेमक्या असतात की जुळवणीचं काम फारच थोडं उरतं. नवख्याला हे वरदान आहे, नाकारत नाही. पण काजळीचा डाग पाहून एक पापुद्रा काढताना जे शिकायला मिळत होतं, ते यात शिकायला मिळत नाही. बंदूक चांगली होते, कारागीर तितका होत नाही. कोणतं हवंय ते आधी ठरवा. पीएचडीत प्रबंध हवा असतो हे खरं, पण पदवी कारागिराला देतात.

लिहून न येणारं ज्ञान

समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी १९७४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विषय होता टीईए लेसर बनवू पाहणाऱ्या प्रयोगशाळा. त्यांना आढळलं की नुसत्या छापील माहितीवरून कोणालाच चालणारा लेसर बनवता आला नाही. ज्यांना जमलं त्यांचा आधी यशस्वी झालेल्या कोणाशी तरी प्रत्यक्ष संपर्क आलेला होता. मायकेल पोलान्यी यांनी याच प्रकारच्या न बोलता येणाऱ्या ज्ञानाबद्दल त्याआधीच लिहून ठेवलं होतं.

या कसोटीवर माहितीपट पाहिला तर त्याची खरी जागा कळते. तो कागदापेक्षा खूप जास्त देतो, कारण हात दाखवतो. पण शेजारी बसलेल्या माणसापेक्षा कमी देतो, कारण त्याला "इथे तुम्ही थांबलात ते का?" असं विचारता येत नाही. व्हिडिओ प्रोटोकॉल पाहून तंत्र शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि सिनिअर ताई किंवा दादा पिपेट धरून उभे असतील तर मोबाईल खिशात ठेवून त्यांच्या हाताकडे बघा. त्या दोन तासांना पर्याय नाही.

तर मग उत्तर काय द्यायचं?

'द गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग' पाहाच. दोनदा पाहा. एकदा कौशल्यासाठी, एकदा संशयाने. पहिल्यांदा पाहताना वाटेल, सगळं स्वतः करणारा तोच खरा. दुसऱ्यांदा पाहताना विचारा की हे लोखंड कोणी गाळलं, कानशी कोणी बनवल्या, मेपलचं झाड कोणी निवडलं. शून्य असं कुठे सापडतच नाही. गसलरसुद्धा शून्यापासून सुरुवात करत नाहीत, फक्त आपल्यापेक्षा बऱ्याच आधीच्या जागेपासून करतात.

म्हणून तुमच्या लॅब नोटबुकमध्ये पहिल्या दिवसापासून तीन रकाने आखा. पहिला, "आलेलं": जे किटमधून, दुसऱ्या लॅबमधून, डेटाबेसमधून आलं, आणि त्यासोबत कोणाचे निर्णय आले. दुसरा, "जुळवलेलं": जिथे दोन आलेल्या गोष्टी एकमेकींना नीट बसत नव्हत्या आणि तुम्ही पापुद्रा पापुद्रा काढून बसवल्या. तिसरा, "ठरवलेलं": जिथे दोन वाटा होत्या, तुम्ही एक घेतली, आणि का घेतली ते तुम्हाला सांगता येतं.

पहिला रकाना लांबलचक असेल. त्याची लाज वाटून घेऊ नका, केटलंडचं लॉक लावणाऱ्यालाही वाटली नव्हती. वायव्हात तुमची परीक्षा उरलेल्या दोन रकान्यांवर होणार आहे. ते दोन कोरे असतील, तर पहिला कितीही छोटा करा, उपयोग नाही.